एकतिसावा प्रश्न

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या नारायण पेठेतल्या केंद्राचा जिना पालकांनी भरून गेला. केंद्र श्यामलाबाईंचं. बाई कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. ती नोकरी सोडून दोन खोल्यांत त्यांनी कल चाचणीचं काम सुरू केलं, त्याला अठरा वर्षं झाली होती. मी हेमा, त्यांची मदतनीस. मुलांना पुस्तिका वाटायच्या, घड्याळ लावायचं, उत्तरपत्रिका तपासायच्या आणि कोणतं मूल कुठे अडतं, कधी खिडकीबाहेर बघत बसतं ते वहीत टिपून ठेवायचं, हे माझं काम.

त्या वर्षी येणाऱ्या प्रत्येक पालकाचा प्रश्न एकच होता. मुलाला कॉम्प्युटर जमेल का? सन दोन हजार उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार आणि ते सुरू करायला पुण्यातून पोरं विमानं भरभरून अमेरिकेला चाललीत, असं जो तो सांगायचा. बाई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अहो, निकाल तुमच्याकडे तयारच आहे. मग चाचणी कशाला घेताय?"

वैजनाथरावांनाही त्यांनी तेच विचारलं. हे गृहस्थ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लेथ मशीनवर होते. मूळचे परळीकडचे, बावीस वर्षांपूर्वी पुण्यात आलेले. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, लोकलने शिवाजीनगरला उतरून, तिथून चालत मुलीला घेऊन आले होते.

"ताई, आमच्या शेजारचा योगेश गेला अमेरिकेला," ते म्हणाले. "त्याला धा धा वेळा नापास झालेलं मी बघितलंय. मग आमच्या पूर्णिमाला का जमू नये? तुम्ही फकस्त एवढंच सांगा, कोणत्या कोर्सला घालू."

पूर्णिमा त्यांच्या मागे उभी होती. उंच, किडकिडीत, दोन वेण्या. तिची गुणपत्रिका मी पाहिली. एकूण एकोणसत्तर टक्के. मराठी, इतिहास जेमतेम. बीजगणितात पंच्याहत्तरपैकी एकेचाळीस आणि भूमितीत बहात्तर. एकाच गणिताच्या दोन भागांत एवढी तफावत मी याआधी पाहिली नव्हती.

चाचणी सुरू झाली. शब्दांची पुस्तिका तिने मुकाट सोडवली, पण तीन पानं कोरीच ठेवली. आकड्यांच्या पुस्तिकेत तिची पेन्सिल सारखी तोंडात जात होती. मी वहीत लिहिलं, 'कंटाळलेली दिसते.'

मग पाचवी पुस्तिका आली. तीत उलगडलेल्या खोक्यांची चित्रं असतात. प्रत्येक बाजूवर काहीतरी खूण, आणि शेजारी चार बंद खोकी. उलगडलेल्या कागदाची घडी घातली तर यातलं कोणतं खोकं होईल, ते ओळखायचं. चाळीस प्रश्न, वीस मिनिटं. पुण्यातल्या नावाजलेल्या शाळांमधली पहिल्या पाचातली मुलंसुद्धा अठ्ठाविसाव्या, तिसाव्या प्रश्नाच्या पुढे जात नाहीत. 

अकराव्या मिनिटाला पूर्णिमाने पेन्सिल खाली ठेवली.

तिने नाद सोडला असं मला वाटलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "अजून नऊ मिनिटं आहेत. जमतील तेवढे कर."

"झाले सगळे," ती म्हणाली. सकाळपासूनचं तिचं हे पहिलं वाक्य. मग थोडं थांबून, "मॅडम, एकतिसावा जरा चेक करा ना. त्यात घोटाळा होईल असं दिलंय. ब बरोबर वाटतो, पण ब नाहीये."

मुलं असं काहीबाही बोलतात. मी मान हलवली आणि पुढची पुस्तिका दिली.

दुपारी मी तिची उत्तरपत्रिका तपासायला घेतली. आमच्याकडे त्यासाठी भोकं पाडलेली एक पट्टी असते. ती उत्तरपत्रिकेवर ठेवली की बरोबर उत्तराच्या जागी मुलाची खूण भोकातून दिसते. पाचव्या पुस्तिकेवर पट्टी ठेवली आणि पहिल्या रांगेतल्या दहाही भोकांत खुणा दिसल्या. दुसऱ्या रांगेत दहा. तिसऱ्या रांगेत दहा. चौथ्या रांगेत नऊ. फक्त एक भोक रिकामं होतं, एकतिसाव्या प्रश्नाचं. पट्टीप्रमाणे उत्तर होतं ब. तिने ड वर खूण केली होती.

मी पुस्तिका उघडून ते चित्र बराच वेळ बघितलं. मला ब च बरोबर वाटत होता. शेवटी एका जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, त्यावर चित्रातलं उलगडलेलं खोकं मोजून काढलं, काळी बाजू रंगवली, बाण काढला, कात्रीने कापलं आणि घडी घातली. बाणाचं टोक काळ्या बाजूकडे वळलं. ब मध्ये ते पांढऱ्या बाजूकडे होतं. मी खोकं उलगडून पुन्हा जोडलं. पुन्हा तेच. उत्तर ड होतं.

ही पट्टी श्यामलाबाईंनी स्वतःच्या हाताने केली होती, केंद्र सुरू झालं तेव्हा. त्यांना चूक दाखवायची म्हणजे अंगावर काटाच. पण मला राहवेना. मी ते पुठ्ठ्याचं खोकं, पुस्तिका आणि पट्टी घेऊन आतल्या खोलीत गेले आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी चष्मा लावला. खोकं उलगडलं, जोडलं, पुन्हा उलगडलं. मग स्वतः नवा कागद घेऊन दुसरं खोकं केलं. तेही बघून झाल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"कोणी काढलं हे?"

"सकाळची खडकीची मुलगी. चाळीसच्या चाळीस बरोबर, बाई. अकरा मिनिटांत."

"अठरा वर्षं," त्या म्हणाल्या. "एवढी मुलं बसली, एवढे पीएचडीवाले ही पट्टी मागून घेऊन गेले, आणि कोणाला दिसलं नाही. मलाही नाही." त्यांनी लाल पेन उघडलं, चाचणीच्या मूळ पुस्तकात एकतिसाव्या प्रश्नापुढे 'उत्तर ड. चूक माझी' असं लिहून खाली सही केली, तारीख घातली. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "बघत काय बसलीस? फोन कर. उद्या त्या मुलीला परत बोलाव. आणि आईलाही आणायला सांग."

क्वार्टरमध्ये फोन एकांकडेच होता, त्यांच्यामार्फत निरोप गेला. दुसऱ्या दिवशी तिघंही आले. वैजनाथराव घाबरलेले होते. मुलीने काही आगाऊपणा केला की काय, असं त्यांना वाटत होतं. तिची आई मुक्ताई जिन्यातच मला म्हणाली, "लेकरू जरा मुखदुर्बळ हाय. सांभाळून घ्या."

बाईंनी मोठ्या टेबलावर लाकडी ठोकळ्यांची पेटी ओतली. चौकोनी, तिरपे, खाचेचे, जिन्यासारखे, पन्नास-साठ ठोकळे. मग पूर्णिमासमोर एक कागद ठेवला. त्यावर तीन आकृत्या होत्या. एक वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते आणि बाजूने कशी दिसते. "ही एकच वस्तू आहे," बाई म्हणाल्या. "या ठोकळ्यांतून तयार करून दाखव."

ही चाचणी आम्ही शाळकरी मुलांना देत नाही. बाईंनी ती मागे इंजिनिअरांसाठी तयार केली होती.

वैजनाथराव दाराशी उभे राहून बघत होते. "ह्ये तर आमचं ड्रॉइंग हाय," ते पुटपुटले. "आमच्याकडच्या अप्रेंटिस पोरांना सहा सहा महिने कळत नाही."

पूर्णिमाने कागद हातात धरला, एकदा डोळे मिटले आणि ठोकळे उचलायला सुरुवात केली. शोधाशोध नाही, लावून काढणं नाही. एकावर एक ठेवत गेली. चार मिनिटांत वस्तू टेबलावर उभी होती. बाईंनी दुसरा कागद दिला, मग तिसरा. तिसऱ्या वेळी ती थांबली आणि म्हणाली, "याची दोन होतात. आतमध्ये पोकळ ठेवलं तरी तिन्हीकडून असंच दिसेल. कुठलं करू?"

बाई खळखळून हसल्या. केंद्रावर आल्यापासूनच्या दोन वर्षांत मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं. "दोन्ही कर," त्या म्हणाल्या.

"हिला हे कोणी शिकवलं?" मी मुक्ताईंना विचारलं.

"कोण शिकवणार?" त्या म्हणाल्या. "मी बायकांचे ब्लाउज शिवते. कापायचं काम हीच करते, कागद न लावता. बाही कुठं गोल घ्यायची ते तिला कापड बघूनच कळतं. ह्यांच्या साहेबांच्या स्कूटरला कव्हर केलं हिनं, टेपसुद्धा लावला नाही. मग क्वार्टरच्या सगळ्या लाइनीतल्या लोकांनी शिवून घेतली." बोलता बोलता त्या थबकल्या. "पण ते काय शाळेतलं हाय व्हय?"

बाईंनी तिघांना समोर बसवलं आणि निकालाचा कागद उघडला. शब्दांत मुलगी साधारण आहे, आकड्यांत साधारण, पाठांतर कच्चं. यंत्रं कशी चालतात ते ओळखण्यात शंभरातल्या पहिल्या दोघांत. "आणि वस्तू मनातल्या मनात फिरवून बघण्यात ती कितवी आहे ते मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "माझा तक्ता तिच्याआधीच संपतो. वैजनाथराव, हिला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला घाला. पुढे डिझाइन करेल, यंत्रांचं, साच्यांचं."

वैजनाथरावांचा चेहरा पडला. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. नखांत कायमचं काळं वंगण, डाव्या अंगठ्याचा शेंडा नाही.

"मशीनवर?" ते म्हणाले. "ताई, बावीस वर्षं मी मशीनवर उभा हाय. पोरगी एसीत बसावी, खुर्चीवर बसावी म्हणून तुमच्याकडं आलो. तुम्ही तिला माझ्याच जागी उभी करता होय?"

पूर्णिमा हातातला एक तिरपा ठोकळा फिरवत खाली बघत होती. मग बाईंनी फोन ओढला आणि एक नंबर फिरवला.

"आमोद? श्यामला बोलतेय. तुझ्या त्या नवीन कॉम्प्युटरांबद्दल सारखा सांगत असतोस ना, उद्या मी माणसं घेऊन बघायला येते. नाही, चहा नको. वेळ दे."

आमोद हा बाईंच्या केंद्राचाच जुना मुलगा. पंधरा वर्षांपूर्वी त्याच खोलीत चाचणीला बसलेला. आता भोसरीत एका साचे बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन विभाग सांभाळत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जणं भोसरीला गेलो. वरच्या मजल्यावर काचेची थंडगार खोली, बाहेर चपला काढायच्या. आत आठ कॉम्प्युटर. आमोद एका पडद्यापुढे बसला होता आणि पडद्यावर एक निळा, चकचकीत सुटा भाग तरंगत होता, मोटारीच्या दाराच्या आतल्या बाजूचा. त्याने माउस हलवला आणि तो भाग फिरला. पालथा झाला, आडवा झाला, जवळ आला.

पूर्णिमा दोन पावलं पुढे गेली. मी तिच्याकडे बघत होते. तोंड किंचित उघडं, डोळे पडद्यावर खिळलेले. पोहता येणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा नदी बघावी, तशी ती बघत होती.

"हे प्लॅस्टिकचं आहे," आमोद तिला समजावून सांगू लागला. "साच्याचे दोन भाग असतात. ते एकमेकांवर बसतात, मध्ये गरम प्लॅस्टिक जातं. थंड झालं की साचा असा उघडतो आणि पार्ट बाहेर. सिंपल."

"हा निघणार नाही," पूर्णिमा म्हणाली.

"काय?"

"मागे एक आकडा आहे ना, हुकासारखा, आतल्या बाजूला वळलेला. तो साच्यात अडकेल. परत फिरवा." तिने न विचारताच पडद्याला बोट लावलं. "इथे. साचा सरळ उघडला तर हा तुटेल. इथला तुकडा आधी बाजूला सरकायला पाहिजे."

आमोदने माउस सोडला. खुर्ची फिरवून तो आधी तिच्याकडे आणि मग बाईंकडे बघायला लागला. "बाई, बरोबर आहे तिचं. तिथे सरकणारा वेगळा भाग आहे, मी तो लपवून ठेवला होता. हा माझा इंटरव्ह्यूचा प्रश्न आहे. इंजिनिअर मुलं येतात, दहातली सात पकडत नाहीत. हिला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "दोन दिवस मी हेच ऐकतेय."

मग आमोदने तिला खुर्चीत बसवलं आणि माउस तिच्या हातात दिला. तिने आयुष्यात माउस धरला नव्हता. पहिली दोन मिनिटं भाग पडद्याबाहेर पळत होता. तिसऱ्या मिनिटाला ती तो हवा तसा फिरवत होती आणि हसत होती. "आई, बघ ना," ती मागे न बघता म्हणाली. "आतून बघता येतं."

वैजनाथराव मात्र शेजारच्या टेबलापाशी गेले होते. तिथे एक मोठा छापलेला कागद पसरला होता, आकृत्या आणि मापं असलेला. ते वाकून वाचत होते. एका मापावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्ये कुठून येतं?" त्यांनी आमोदला विचारलं.

"हे? इथूनच. आम्ही इथे डिझाइन करतो, हा प्रिंट खाली शॉपमध्ये, मशीनवर जातो."

"आमच्याकडं येतं ना ड्रॉइंग, तर आम्ही म्हणतो, वरून आलं. बावीस वर्षं वरून येतंय. कोण काढतं, कुठं बसतो तो माणूस, कधी बघितलंच नाही." त्यांनी काचेच्या खोलीवरून एक नजर फिरवली आणि मग मुलीच्या पाठीकडे बघितलं. "म्हणजे तो माणूस असा बसतो."

ते पुन्हा कागदाकडे वळले. म्हणाले, "पण साहेब, ह्ये माप तुम्ही फार घट्ट धरलंय, केसाइतकीपण सूट नाही. लेथवरचा माणूस शिव्या देईल तुम्हाला." आणि दोघं त्या कागदावर वाकून बोलायला लागले ते पाऊण तास बोलतच राहिले. अर्ध्या तासाने आमोदने पेन्सिलीने एक माप बदललं.

परत निघताना गेटजवळ वैजनाथराव थांबले. "ताई, ठरलं. मेकॅनिकलला घालतो. फकस्त एक वचन पाहिजे. पोरगी वरच्या खोलीतच बसंल. खाली मशीनवर नाही."

"ते मला काय विचारता?" बाई म्हणाल्या. "तिला विचारलंत का काही, तीन दिवसांत?"

सगळ्यांनी पूर्णिमाकडे बघितलं. ती लाल झाली. मला वाटलं, आता मान खाली घालून हो म्हणेल.

"मी मशीनवरपण उभी राहणार, पप्पा," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. "आकडा अडकेल ते मला दिसलं. पण तो तुकडा सरकवायचा कसा ते मला माहीत नाही. ते खाली जाऊन बघितल्याशिवाय कळणार नाही. तुम्हाला माहितेय, मला नाही माहीत. मला दोन्ही पाहिजे."

मुक्ताई नवऱ्याला म्हणाल्या, "आता बोललीय तर ऐका की. रोज कुठं बोलती." आणि त्या माउलीने पदराने डोळे पुसले.

फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते. जातीचा दाखला घरी होता, पण शाळा सोडल्याचा दाखला शाळेने दिला नव्हता, कारण कारकून रजेवर. आधी मुख्याध्यापक, मग शिपाई, कपाटाची किल्ली भलत्याकडेच, असं करत वैजनाथरावांनी तो शेवटच्या दिवशी दुपारी मिळवला आणि पॉलिटेक्निकची खिडकी बंद व्हायच्या वीस मिनिटं आधी फॉर्म आत गेला. मी रांगेत त्यांची जागा धरून उभी होते. ते माझ्यापर्यंत धावतच आले.

मेकॅनिकलला मुलींच्या जागा त्या काळी भरत नसत. यादी लागली तेव्हा साठ जणांत तीन मुली होत्या आणि त्यांत पूर्णिमाचं नाव दुसरं. वैजनाथरावांनी ते काचेवर बोट ठेवून तीनदा वाचलं. मागे वळून बघतात तर मुलगी जागेवर नाही. आम्ही शोधत गेलो तेव्हा ती वर्कशॉपच्या खिडकीशी टाचा उंचावून आत डोकावत होती.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्या सत्रात ती गणितात नापास झाली. बीजगणित तिला कधीच आवडलं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत ती रोज केंद्रावर यायची आणि बाई तिला एकेक समीकरण आकृती काढून शिकवायच्या, कारण तशाच तिला ती कळायची. दुसऱ्या वेळी पास झाली, काठावर. ड्रॉइंगमध्ये मात्र तिन्ही वर्षं वर्गात पहिली. शेजारचा योगेश दोन हजार एकमध्ये अमेरिकेहून परत आला आणि काम शोधू लागला, तेव्हा खडकीच्या क्वार्टरमध्ये पोरींना मेकॅनिकलला घालायची चर्चा सुरू झाली होती. मुक्ताईंना बायका विचारायला यायच्या.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात आमोदच्याच कंपनीत तिला घेतलं. पहिले सहा महिने तिने स्वतःहून मागून घेऊन खाली शॉपमध्ये काढले. मग कंपनीने नव्या मशीनच्या ट्रेनिंगला तिला कोइमतूरला पाठवलं. तिथून तिचा केंद्रावर फोन आला. मागे यंत्रांचा घों-घों आवाज येत होता आणि ती ओरडून बोलत होती.

"हेमाताई, मशीन पाच बाजूंनी फिरतं. पाच. कापणारं हत्यार फिरतं आणि कापायचा जॉबपण फिरतो, दोन्ही एकदम. पहिल्या दिवशी मला डोक्यात धरता येईना, माहितेय? पहिल्यांदा असं झालं. रात्रभर विचार केला. आज सकाळी आलं."

"आलं म्हणजे?"

"म्हणजे दिसलं. थांबा, कसं ते सांगते. तुमच्याजवळ कागद आहे का?"

मी कागद ओढला आणि पेन्सिल हातात घेतली.